अंतुल्यांचे पैसे

मंडणगडला आत्याचे पैसे काढायला गेलो होतो त्या दिवसाची गोष्ट. आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण, सत्तरी पार केलेली. सकाळी सातलाच डोक्यावरून पदर घेऊन, कापडी पिशवीत पासबुक आणि आधार कार्ड घालून ओट्यावर येऊन बसली होती. मार्च उतरणीला लागला होता. आंब्याचा मोहोर गळून त्याचा चिकट गोडसर वास अंगणभर राहिला होता, आणि काजूच्या झाडाखाली पडलेल्या बोंडांवर माश्या घोंघावत होत्या. काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. आवाजाला मऊ, कामाला नीट. आत्याचा अंगठा मशीनवर उठेना. आयुष्यभर शेण-मातीत, जात्यावर आणि नाचणीच्या बेणणीत झिजलेला अंगठा. त्याच्यावर रेघा राहिल्यात कुठे? मुलीनं तो ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा दाबला, मग दुसऱ्या हाताचा घेतला. तेवढ्यात आत्या पुढे वाकून म्हणाली, “माझं अंतुल्यांचं पैसं आलं काय गो, तेवढं बघ.” मुलीनं स्क्रीनवरून मान वर केली. “कोणाचे, आजी?” “अंतुल्यांचे.” मुलगी क्षणभर घोटाळली आणि अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, “आजी, ते अंतुले म्हणजे दुसरे कोणी खातेदार असतील. दुसऱ्याच्या खात्यातले पैसे तुम्हाला नाही देता येत.”

आत्या काही बोलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तू शिकलेली आहेस, तू सांग, असं ते बघणं होतं. आणि मी तोंड उघडून परत मिटलं. “श्रावणबाळचे पैसे बघा,” एवढंच म्हणाले. मुलीचा चेहरा उजळला, “हां, श्रावणबाळ!” आणि दोन मिनिटांत दीड हजार रुपये आत्याच्या हातात आले. तिनं ते मोजले नाहीत. एरवी दोनदा मोजते.

घरी येताना रिक्षात ती गप्प होती आणि मीही.

मी का नाही बोलले? रांग मोठी होती, उन्हाची लोकं ताटकळली होती, हे खरं आहे. पण ते कारण नव्हे. त्या मुलीला एका वाक्यात सांगायला गेले असते, तर कुठलं वाक्य सांगितलं असतं? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, हे वाक्य बरोबर आहे. सिमेंट प्रकरणात राजीनामा द्यावा लागलेले मुख्यमंत्री, हेही बरोबर. निराधार बायांना दरमहा पैसे मिळावेत ही योजना ज्यांच्या कारकिर्दीत सुरू झाली ते, हेही बरोबरच. यातलं एक उचललं की बाकीची दोन खोटी पडल्यासारखी वाटतात. आत्याला मात्र असला प्रश्न कधी पडला नाही. तिच्या पासबुकावर योजनेचं नाव बदललं, पासष्टी ओलांडल्यावर संजय गांधी निराधारमधून ती श्रावणबाळमध्ये गेली, पोस्टाचे पैसे बँकेत यायला लागले, बँकेतून अंगठ्यावर आले. तिच्या तोंडी नाव एकच राहिलं.

तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. छातीचं दुखणं घेऊन गावाला आला आणि एका पावसाळ्यात गेला. आत्या तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची. पदरी दोन मुली, एक अजून अंगावर पिणारी. दिराच्या घरात तिला पडवी मिळाली. माझ्या लहानपणच्या आठवणीत ती कायम त्या पडवीच्या उंबऱ्यावर काहीतरी निवडत बसलेली आहे, तांदळातले खडे किंवा दुसऱ्याच्या घरची सोललेली सोडं. सुकटीचा वास तिच्या लुगड्यालाच असे. कुणी काही दिलं तर घ्यायचं, न दिलं तर मागायचं नाही. आणि अशात एक दिवस तलाठी आला, त्यानं नाव-गाव विचारलं, कागदावर अंगठा घेतला. “कशाला?” असं तिनं विचारलं तेव्हा शेजारच्या म्हातारबांनी सांगितलं, “आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री झालेत ना, त्यांनी बायकांना पैसे लावलेत.” तेच तिच्या डोक्यात बसलं. काही महिन्यांनी पोस्टमननं अंगणात उभं राहून तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. ते नाव तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, असं ती सांगते. तोवर ती कुणाची तरी बायको, कुणाची वहिनी, धाकटीची आई होती. त्या पहिल्या पैशांतून तिनं कंदिलाची काच आणली. जुनी फुटून दोन महिने झाले होते, रात्री मुली अंधारात रडायच्या आणि दिराकडे रॉकेल नि काच मागायची तिला लाज वाटायची. काच आणि पावशेर गूळ. ती काच पुढे अकरा वर्षं टिकली, हेही ती न चुकता सांगते.

आता यातली गंमत अशी की आत्या त्यांच्या मतदारसंघातली नाही. अंतुले सावित्री नदीच्या त्या काठचे, आंबेतचे. म्हसळा तालुका, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. आम्ही या काठचे, म्हाप्रळच्या बाजूचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. मध्ये खाडी. भरतीला पाणी चढलं की तिवरांची नुसती शेंडी दिसायची, ओहोटीला चिखलात खेकड्यांची भोकं. त्या काठच्या मशिदीची बांग वारा तसा असला की आमच्याकडे ऐकू यायची. बाजार एकमेकांचा, सोयरीक वगळता सगळं एकमेकांचं. कोकणी मुसलमानांच्या घरची बोली आणि आमच्या घरची बोली यांत फरक शोधावा लागे. त्यांच्याकडची सांदणं ईदला आमच्याकडे येत आणि आमच्याकडच्या करंज्या दिवाळीत तिकडे जात. पण मतपेटी वेगळी. श्रीवर्धनमधून निवडून आलेला माणूस आमचा आमदार नव्हता. तरी ९ जून १९८० ला त्यांचा शपथविधी झाला तेव्हा या काठावरही माणसं ओट्यावर जमून रेडिओ ऐकत बसली होती. राज्याला पहिल्यांदा मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला, याचं मोल मुंबई-पुण्यात काय झालं असेल ते असो. आमच्याकडे बोलणं एकच होतं, की खाडीच्या पाण्यावर वाढलेला माणूस तिथवर गेला. गावातून शिकून मुंबईला, मुंबईतून लंडनला लिंकन्स इनला जाऊन बॅरिस्टर, १९६२ पासून विधिमंडळात, बंदरं आणि मत्स्यव्यवसाय सांभाळलेले मंत्री. आमच्याकडे त्यांना कुणी साहेब म्हणत नसत. बॅरिस्टर म्हणत. “बॅरिस्टर आलेले,” एवढं म्हटलं की कळे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. पेपर एसटीनं यायचा, कधी दुसऱ्या दिवशी, आणि तो पहिल्या ओळीपासून निविदांपर्यंत वाचल्याशिवाय ते जेवायचे नाहीत. हातात लाल पेन. मुलांच्या वह्या तपासायची सवय पेपरालाही लागलेली. चुकीची वेलांटी दिसली तरी गोल, एखादं विधान पटलं नाही की बाजूला ‘का?’ असं लिहायचे. त्या दीड-पावणेदोन वर्षांत त्यांचं पेन फार चाललं. सत्तेवर येऊन दोन आठवडे होतात तोच संजय गांधी विमान अपघातात गेले आणि निराधारांच्या योजनेला त्यांचं नाव मिळालं. त्याच्या बाजूला वडिलांचा ‘का?’ होता, मला आठवतो. ब्रिटनमधून भवानी तलवार परत आणायची घोषणा झाली तेव्हा शाळेत आम्ही पोरं आठवडाभर काठ्यांच्या तलवारी करून मारामाऱ्या करत होतो. वडील म्हणाले, तलवार येईल तेव्हा येईल, पण मुख्यमंत्र्याच्या मनात ती आली हे चांगलं. १९८१ मध्ये पलीकडच्या कुलाब्याचं नाव रायगड झालं. शिवाजी महाराजांची राजधानी ज्या जिल्ह्यात, त्याला इंग्रजांच्या वेळचं नाव कशाला, असं वडील आधीपासून म्हणायचे, त्यामुळे त्या दिवशी त्यांनी वर्गात गूळ-खोबरं वाटलं. आणि १ मे १९८१ ला आमच्या रत्नागिरीचेच दोन तुकडे होऊन दक्षिणेला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. भूगोलाचा नकाशा शाळेच्या भिंतीवर होता. वडिलांनी स्टुलावर चढून, पट्टी लावून, शाईनं नवी हद्द आखली. मी खाली उभी राहून दौत धरली होती. सावंतवाडीच्या माणसाला एखाद्या कागदासाठी रत्नागिरी गाठताना काय हाल होत, ते ज्याला माहीत आहे त्याला ती शाईची रेघ कशी वाटली असेल ते कळेल. एक माणूस आमच्या उत्तरेला नाव बदलतो आणि दक्षिणेला हद्द. आपण राहतो ती जमीन कुणीतरी वर बसून लक्षात ठेवली आहे, असं त्या दिवसांत मोठ्या माणसांच्या बोलण्यात वारंवार यायचं. एवढं लक्ष कोकणाकडे जाण्याची कुणाला सवय नव्हती.

मग सिमेंट आलं.

म्हणजे पेपरात आलं. घरात ते येतच नव्हतं. वडिलांनी घर बांधायला काढलं होतं. जांभ्याच्या चिऱ्याचं जोतं वर आलं होतं, चिरे उतरून घेतले होते, गवंडी ठरला होता, आणि सिमेंटच्या गोणींसाठी अर्ज केलेला. तेव्हा सिमेंट साऱ्या देशातच सरकारी नियंत्रणाखाली होतं. परवाना हातात पडल्याशिवाय गोणी मिळायची नाही आणि परवाना कधी पडेल हे कुणी सांगायचं नाही. आमच्या अडकलेल्या गोणींचं ओझं मी कुणा एकावर टाकणार नाही, तसं ते टाकताही येणार नाही. पण त्या जोत्यावर दोन पावसाळे शेवाळ धरलं. आम्ही त्याच्यावर लंगडी घालायचो. आणि १९८१ च्या ऑगस्टअखेरीस इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरींनी लिहिलं, ते मग मराठी पेपरांत उतरलं. मुख्यमंत्र्यांनी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानांना बिल्डर मंडळी देणग्या देतात आणि त्यांना सिमेंटचा कोटा सुटतो, असा आरोप. त्यातल्या एका प्रतिष्ठानाला तर इंदिरा गांधींचंच नाव होतं. विरोधकांपैकी मृणाल गोरे, प. बा. सामंत यांनी ते धरून लावलं. सामंत उच्च न्यायालयात गेले. १९८२ च्या जानेवारीत न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला, देणगी आणि सिमेंट यांचा सांधा न्यायालयानं मान्य केला, आणि बॅरिस्टरांनी राजीनामा दिला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं. आमच्या गोणी त्या उन्हाळ्यात आल्या.

राजीनाम्याच्या रात्री वडील जेवले नाहीत हे मला नक्की आठवतं. आईनं दोनदा हाक मारली. ओट्यावर अंधारात बसून राहिले. शेजारचे एक काका आले आणि म्हणाले, “गुरुजी, सगळेच घेतात हो. आपला माणूस म्हणून टिपला.” वडील एवढंच म्हणाले, “आपला होता म्हणूनच.” पुढे बोलले नाहीत. त्या तीन शब्दांचा अर्थ मी कितीदा तरी फिरवून पाहिला आहे. आपला होता म्हणूनच त्याला टिपला, असं काकांशी ते सहमत होत होते? की आपला होता म्हणूनच त्यानं असं करायला नको होतं? मोठेपणी विचारायचं राहून गेलं.

ते गेल्यावर त्यांची कपाटं आवरली. प्रत्येक कात्रण तारीखवार, सुतळीनं बांधलेलं. सिमेंटच्या अर्जाची नक्कल ज्या फायलीत होती त्याच फायलीत दोन कात्रणं सापडली. एक शपथविधीचं, जून १९८०. एक राजीनाम्याचं, जानेवारी १९८२. कागद पिवळा पडून घडीवर तुटायला आला होता, झुरळांनी एक कोपरा खाल्लेला. मी दोन्ही कात्रणं खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिली. लाल शाईची एक रेघ नव्हती. आयुष्यभर ज्या माणसानं अग्रलेखांच्या वेलांट्या तपासल्या त्यानं या दोन कागदांवर ना बरोबरची खूण केली होती, ना ‘का?’ लिहिलं होतं.

मी त्या फायलीला परत सुतळी बांधली. ती माझ्याकडे पनवेलला आहे.

नंतरचे अंतुले मला तुटक तुटक माहीत आहेत. सिमेंटचा खटला न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिला. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये तो विशेष न्यायाधीशाकडून उच्च न्यायालयाकडे दिला आणि १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठानं ते देणंच चुकीचं होतं म्हणून फिरवलं. माझी पुतणी कायदा शिकते. तिला अंतुले माहीत आहेत ते एवढेच: न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसू नये, या तत्त्वाचं उदाहरण म्हणून. ती आत्याची नात लागते. एकाच घरात एकीला ते कंदिलाची काच म्हणून माहीत आणि दुसरीला परीक्षेतला प्रश्न म्हणून. मुख्यमंत्रिपद पुन्हा मिळालं नाही. १९८९ पासून लोकसभेत कुलाब्याचं प्रतिनिधित्व केलं (मतदारसंघाचं नाव मात्र कुलाबाच राहिलं होतं, ज्यांनी जिल्ह्याचं नाव बदललं त्यांच्याच), १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खातं त्यांच्याकडे आलं. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, डिसेंबरात, त्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकऱ्यांच्या मृत्यूबद्दल ते जे बोलले त्यानं माझ्यासारखीला फार दुखलं. शहर अजून जळक्या वासात होतं, घराघरांत लोक रडत होते, आणि अशा वेळी संशयाचं बोट दाखवणारं वाक्य त्यांच्यासारख्या कायदेपंडिताच्या तोंडून यायला नको होतं. त्या दिवशी मी आत्याला फोन केला नाही. तिनं त्यांचं नाव घेतलं असतं तर मी काहीतरी बोलून गेले असते.

आणि २००९. मतदारसंघांची फेररचना झाली, कुलाबा जाऊन रायगड मतदारसंघ आला आणि त्याच्यात सावित्री ओलांडून आमचा दापोलीचा विधानसभा भागही जोडला गेला. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं ज्यांचे पैसे घेतले त्यांना मत देण्याची वेळ आत्याला आयुष्यात पहिल्यांदा आली. बॅरिस्टर ऐंशी वर्षांचे होते. ते पडले; अनंत गीते निवडून आले. आमच्या वाडीनं कुणाला मतं घातली ते सगळ्यांना ठाऊक आहे, वाडी ठरवून मत घालते. आत्याला मी एकदा विचारलं होतं, तू कुणाला घातलंस गं? तिनं चुलीत फुंकणी घालून एवढा धूर केला की मला डोळे चोळत बाहेर यावं लागलं. २ डिसेंबर २०१४ ला ते मुंबईत गेले आणि त्यांना आंबेतला आणून दफन केलं. त्या दिवशी आत्यानं काय केलं हे मला तिच्या धाकट्या मुलीकडून कळलं. काही केलं नाही. नेहमीप्रमाणे भाकऱ्या भाजल्या, गुरांना पाणी दाखवलं, आणि तिन्हीसांजेला देवाजवळचा दिवा लावल्यावर दुसरा एक लावून पडवीच्या उंबऱ्यात ठेवला. मुलीनं विचारलं तर म्हणाली, “वारा नाय आज.”

मंडणगडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मला पनवेलला निघायचं होतं. म्हाप्रळ-आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, गाड्या फेरीबोटीतून पार होत होत्या. मी बोटीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. पाणी गढूळ हिरवं, काठाला वाळूचे ढीग, कुणाच्या तरी डब्यातल्या तळलेल्या बोंबलांचा वास. शेजारी पुलाचे खांब उभे. डोक्यात ती मुलगी आणि तिचा तो मऊ आवाज, दुसऱ्याच्या खात्यातले पैसे तुम्हाला नाही देता येत. तिची काय चूक? ती जन्मली तेव्हा हे सगळं संपून कितीतरी वर्षं झाली होती. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, पुढच्या वेळी गेले की सांगायला. अंतुले म्हणजे, बाळा… आणि दर वेळी ‘पण’ला येऊन वाक्य अडायचं. पण सिमेंट. पण योजना. पण तो डिसेंबर. बोट आंबेतला लागली, मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला, आणि मी गावातून जाताना काच खाली केली. बाजारात कलिंगडं लागली होती. शाळा सुटली होती. हिरव्या ओढणीतल्या मुली रस्त्याच्या कडेनं ओळीत चालल्या होत्या.

महिन्यानं आत्याचा फोन आला. फोन ती करत नाही, नातवाकडून लावून घेते आणि समोर माणूस नाही म्हणून ओरडून बोलते.

“पैसं आलं गो. मी काढून पण आणलं.”

“अंगठा उठला?”

“तिसऱ्यांदा उठला. ती पोर हाय ना, तिनं विचारलं, आजी, तुमचे ते अंतुले कोण सांगा ना.”

माझ्या हातातलं काम थांबलं. “मग? काय सांगितलंस?”

“कंदिलाची काच सांगितली.”

“आणि?”

“आणि काय? गूळ सांगितला. मागं मानसं उभी होती. तिनं पैसं दिलं, मी मोजून घेतलं.”